कावळ्याला लगेच दार उघडणारी चिऊ: मुलांच्या दुःखात गोष्टी आणि पुस्तकं कशी वापरावीत

संगम माहुलीच्या घाटावर आबांचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवत नव्हता. भावाने हात जोडून एकेक गोष्ट कबूल करायला सुरुवात केली: झाडांना पाणी घालीन, आईला अंतर देणार नाही. शेवटी एक कावळा खाली उतरला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा हात धरून उभा असलेला पाच वर्षांचा भाचा म्हणाला, "आत्या, हे आबा आहेत का?" मागून कुणीतरी "शूऽ" केलं आणि प्रश्न तिथेच राहिला.

रात्री त्याने काऊ-चिऊची गोष्ट मागितली. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिऊचं दार वाजवतो, आणि चिऊ आतून "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते" करत त्याला ताटकळत ठेवते, तीच. मी "चिऊताई, चिऊताई, दार उघड" म्हटलं मात्र, तो ताडकन उठून बसला. "लगेच उघडलं! चिऊने लगेच दार उघडलं!" पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरच्या चिऊने कावळ्याला एकदाही पावसात उभं केलं नाही.

घाटावर दाबला गेलेला प्रश्न गोष्टीच्या दारातून असा परत आला. दुःखातल्या मुलाला गोष्टीचा उपयोग होतो तो इथे. समजूत मोठी माणसं घालतातच, जरुरीपेक्षा जास्त घालतात. मुलाला हवी असते ती न विचारता येणारी गोष्ट विचारायला एक आडवाट. तेवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवताना आणि आता शनिवारचं बालवाचनालय चालवताना ही वाट कशी मोकळी ठेवायची, याबद्दल जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. यातलं बरंचसं मी आधी चुकीचं करून मग शिकले.

आधी खरं सांगा, गोष्ट त्यानंतर

पुस्तक शोधायला जाण्याआधी एक वाक्य तयार करावं लागतं. मराठीत ते अवघड आहे. मृत्यूसाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल: वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले. पण मुलाच्या कानावर सगळ्यांत जास्त पडतो तो शब्द म्हणजे "गेले". आणि बाबा तर रोज ऑफिसला जातात. त्यातही घरातून निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे आपणच शिकवलेलं. मग "आबा गेले" ऐकल्यावर मुलाने "कधी येणार?" विचारलं तर त्यात त्याची काय चूक?

"झोपले" म्हटलं की मूल झोपायला घाबरतं. "गावाला गेली" म्हटलं की न सांगता गेल्याचा राग धरून बसतं. "देवाला चांगली माणसं आवडतात" याचा अर्थ एका दुसरीतल्या मुलाने असा लावला की आपण थोडं वाईट वागलेलं बरं, आणि महिनाभर तो वर्गात तसा वागला. "तारा झाला" हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटतं, पण लहान मूल ते शब्दशः घेतं आणि ढगाळ रात्री कासावीस होतं.

"मेले" हा शब्द आपल्याला माणसासाठी उच्चारवत नाही. तो आपण डासांसाठी आणि शिवी देण्यासाठी राखून ठेवला आहे. पण मुंगी मेली, झुरळ मेलं, हे मुलाने पाहिलेलं असतं, त्याला तो शब्द कळतो. म्हणून दोन्ही शब्द जोडून सांगा: "आबा वारले. वारले म्हणजे मेले. त्यांचं शरीर चालायचं पूर्ण थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येईल." पाच-सहा छोटी वाक्यं, शक्यतो मुलाच्या सगळ्यांत जवळच्या माणसाच्या तोंडून. देव, आत्मा, स्वर्ग यांबद्दल तुमच्या घरची जी श्रद्धा असेल ती त्यानंतर जरूर सांगा. शरीराचं सत्य मात्र आधी.

हे झालं नसेल तर कितीही सुंदर पुस्तक आणा, मूल त्यातही परत येण्याची तारीख शोधत राहतं.

वय बघा, पण वयाला चिकटून बसू नका

मारिया नॅगी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांशी मृत्यूबद्दल बोलून, त्यांच्याकडून चित्रं काढून घेऊन १९४८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचच्या आतल्या मुलांना मरण हा प्रवास किंवा झोप वाटत होती. पाच ते नऊच्या मुलांना ते कायमचं असतं हे कळत होतं, पण त्यातल्या अनेकांच्या मनात मृत्यू म्हणजे येऊन घेऊन जाणारा कुणीतरी होता, चपळ असेल तो त्याच्या हातून निसटणार. नऊनंतर उमजत होतं की हे सगळ्यांनाच आहे, मलाही. पुढच्या अभ्यासांत ही वयं मागेपुढे झाली. बऱ्याच मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ समजतं, आणि ज्याने घरात मरण पाहिलं आहे त्याला त्याहूनही आधी.

गोष्ट निवडायला मी याचा उपयोग असा करते. तीन-चार वर्षांच्या मुलाला मृत्यूवरची गोष्ट हवीच असं नाही. त्याला रोज त्याच वेळी तीच जुनी गोष्ट हवी असते, कारण घरातलं बाकी सगळं हललेलं असतं. पाच ते आठ हे वय मला सगळ्यांत जोखमीचं वाटतं. या वयात मुलाला वाटतं की मनात आलं म्हणून घडलं. "मी आजीला चिडून म्हटलं होतं, जा तू," हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मुलांकडून ऐकलं आहे. त्यांच्यासाठी अशी गोष्ट बघा ज्यात कुणाच्या रागामुळे, खोटेपणामुळे किंवा हट्टामुळे कुणी मरत नाही. आपल्या बोधकथांत नेमकं तेच ठासून भरलेलं असतं: आईचं ऐकलं नाही आणि पिल्लू मेलं. मूल्यशिक्षणाचा तो गठ्ठा वर्षभर माळ्यावर टाका. नऊच्या पुढच्या मुलांना मोठ्या कादंबरीतलं मरण चालतं, आणि किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मी पुस्तक टेबलावर विसरून जाते. हातात दिलं तर वाचत नाहीत.

पुस्तक आधी एकट्याने शेवटच्या पानापर्यंत वाचा

मुखपृष्ठ बघून आणलेलं पुस्तक मुलाला मांडीवर घेऊन थेट वाचायला बसू नका. तुम्ही स्वतःही दुःखात आहात. कुठल्या पानावर तुमचा आवाज फुटणार हे आधी माहीत असलेलं बरं.

वाचताना मी चार गोष्टी तपासते. मेलेलं पात्र शेवटी परत येतं का? मरणाचा दोष कुणावर येतो का? "शहाणं बाळ रडत नाही" असं कुठे सुचवलं आहे का? आणि चौथी, जी मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही: मरणानंतर गोष्टीतल्या मुलाची वेणी कोण घालतं, डबा कोण भरतं? आई गेलेल्या मुलाचा खरा, लाज वाटून न विचारलेला प्रश्न "आई कुठे गेली" एवढाच नसतो. "आता माझं कोण करणार" हा असतो. ज्या गोष्टीत कुणीतरी भात कालवून देतं, ती गोष्ट चांगली.

पहिल्या तपासणीचं महत्त्व मला सावित्रीने शिकवलं. वटपौर्णिमेला मी दरवर्षी वर्गात सत्यवान-सावित्रीची गोष्ट रंगवून सांगत असे. एका वर्षी तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभी राहिली. तिचे वडील चार महिन्यांपूर्वी वारले होते आणि ते मला माहीत होतं. ती म्हणाली, "बाई, माझ्या आईने पण वडाची पूजा केली होती." बस, एवढंच. यमाकडून नवऱ्याचे प्राण परत आणणाऱ्या बाईची गोष्ट मी त्या मुलीसमोर सांगितली होती, म्हणजे तिच्या आईचं काहीतरी कमी पडलं असंच सांगितलं होतं. मार्कंडेयाची गोष्टही याच जातीची. गोष्टी वाईट नाहीत, वेळ वाईट.

किसा गोतमीची कथा, जिच्यात बाळ गमावलेल्या आईला बुद्ध कधीच कुणी मेलं नाही अशा घरातून मोहऱ्या आणायला पाठवतात, ती मोठ्या माणसाला विलक्षण धीर देते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र तीतून एवढंच ऐकू येतं की प्रत्येक घरात कुणीतरी मरतं, म्हणजे आता आपल्या घरी पुढचं कोण? बारा-तेरा वर्षांच्या पुढे सांगा. त्याच वयाला नचिकेत फार आवडतो, कारण तो यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसून राहतो आणि प्रश्न सोडत नाही. आमिषं दाखवली तरी नाही. मोठी माणसं आपल्याला टाळतात असं वाटणाऱ्या मुलाला तो जवळचा वाटतो.

"श्यामची आई" प्रत्येक जण सुचवतो. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, आई जाऊन कित्येक वर्षं उलटल्यावर. या दुसऱ्या गोष्टीकडे मी लक्ष वेधते: त्यांनाही वेळ लागला. नुकतीच आई गेलेल्या मुलाच्या हाती बेचाळीस रात्रींचं ते पुस्तक सबंध देऊ नका. "मोरी गाय" हे एकच प्रकरण काढून वाचा. फक्त आईलाच दूध देणारी गाय आजारी पडते आणि जाते. गाईसाठी रडता येतं, आणि त्या रडण्यात जे काही मिसळायचं ते मिसळतं. शेवटी मात्र मोरी गाय गेली आणि घराचं भाग्य गेलं अशा अर्थाचं आईचं म्हणणं येतं. माझ्या तपासणीत ते नापास होतं, म्हणून लहानांसमोर मी तिथे थोडं आधीच थांबते.

"तोत्तोचान", एका जपानी शाळकरी मुलीची गोष्ट, मराठीत सहज मिळतं. त्यात दोन मरणं आहेत. जत्रेतून हट्टाने आणलेली कोंबडीची पिल्लं काही दिवसांतच मरतात, आणि पुढे पोलिओ झालेला तिचा मित्र यासुआकी जातो, ज्याला तिने जिवाचा आटापिटा करून आपल्या झाडावर चढवलं होतं. मित्र किंवा वर्गातलं मूल गेल्यावर मला याहून चांगलं पुस्तक सापडलेलं नाही. मरण येतं, मुलगी हादरते, आणि नंतरही शाळा, खोड्या, डबा चालू राहतं.

लहानांसाठी चित्रपुस्तकं हवीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या पुष्कळ गोष्टी फुकट वाचता आणि छापून घेता येतात. बालभारतीच्या "किशोर" मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही ऑनलाइन आहेत. "मृत्यू" असा शब्द घालून शोधू नका, हाती फार काही लागत नाही. "आजी", "आजोबा", "आठवण", "हरवलं" असं शोधा. मरणावर नसलेली, पण काहीतरी हरवण्याची गोष्ट पुष्कळदा जास्त उपयोगी पडते.

पहिले तेरा दिवस नवं पुस्तक नको

घर माणसांनी भरलेलं, बैठका अंथरलेल्या, स्वयंपाक शेजारचे आणून देतात. अशा वेळी मुलाला कुणीतरी एका माणसाने ठरलेल्या वेळी बाजूला घेऊन जुनी, पाठ झालेली गोष्ट सांगावी. आत्या, मावशी, मामा, शेजारची ताई, कुणीही, फक्त रोज तेच माणूस. घरातलं सगळ्यांत कोसळलेलं माणूस या कामाला नको.

या दिवसांत जे विधी होतात त्यांचीही गोष्ट सांगा, नाहीतर मूल आपली गोष्ट रचतं आणि ती सत्यापेक्षा भयंकर असते. पिंड म्हणजे भाताचे गोळे, आपण आबांच्या आठवणीसाठी ठेवतो. कावळा खातो, मग आपण घरी येतो. तो कावळा खराखुरा कावळाच असतो. घाटावर मी हे आधी सांगायला हवं होतं. बौद्ध घरात जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असेल, मुस्लिम घरात चाळिसावा, वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरात २ नोव्हेंबरला कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या. कुठलाही विधी असो, मुलाला आधी एवढं सांगा: तिथे काय दिसेल, कोण रडेल, आणि कंटाळा आला तर तुला कोण बाहेर नेईल.

नवं पुस्तक साधारण महिन्याभराने काढा. दुपारी किंवा संध्याकाळी. झोपताना नको, रात्र झाली की प्रश्न मोठे होतात आणि उत्तर देणारा पेंगुळलेला असतो. समोरासमोरही बसू नका. शेजारी बसा, म्हणजे दोघांचे डोळे पानावर राहतात. डोळ्याला डोळा भिडला की मूल तुमचा चेहरा सांभाळायला लागतं.

वाचताना: विचारायचं ते पिल्लाबद्दल

पुस्तकांनी उपचार या कल्पनेला इंग्रजीत नाव मिळालं ते १९१६ साली, सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकन लेखकाच्या एका मिश्कील लेखात. पुढे कॅरोलिन श्रोड्स या अभ्यासक बाईंनी त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी पात्राशी ओळख पटते, मग साठलेलं बाहेर पडतं, मग काहीतरी उमजतं. आपण घाईने थेट तिसरीवर उडी मारतो. पुस्तक मिटता मिटता म्हणतो, "बघ, तसंच आपल्या आजीचं झालं, हो ना?" आणि मुलाने उघडलेलं दार फाडकन बंद होतं.

तुलना मुलाला करू दे. तुम्ही पात्रापाशीच थांबा. माझ्या वाचनालयात सात वर्षांच्या एका मुलाबरोबर झालेलं बोलणं असं होतं:

"हे पिल्लू पांघरुणात का बसलंय?"

"त्याला राग आलाय."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. ते हसतात म्हणून."

"कोण हसतं?"

"पाहुणे. चहा पिताना."

पुस्तकात पाहुणे नव्हते, चहा तर नव्हताच. मी "हं" म्हटलं आणि पान उलटलं. तेवढं पुरतं. दुसऱ्या आठवड्यात त्याने तेच पुस्तक मागितलं आणि पिल्लाच्या वाटचं पाहुण्यांना ओरडून घेतलं.

प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. मुलाचं उत्तर गोष्टीशी जुळत नसेल तर दुरुस्त करू नका, तेच ऐकायचं असतं. मूल शेवट बदलत असेल तर बदलू दे; एकच अट, कुणी परत आलं तर तुम्ही हळूच म्हणा, "गोष्टीत येता येतं. खरं येता आलं असतं तर किती बरं झालं असतं." तुम्हाला रडू आलं तर तोंड फिरवू नका. "मला आबांची आठवण आली म्हणून रडू आलं, आता पुढे वाचते," एवढं सांगून खरोखर पुढे वाचा. मुलाला कळतं की रडता येतं आणि रडून झाल्यावर पान उलटताही येतं.

आणि मूल मध्येच उठून सायकल फिरवायला गेलं तर? जाऊ दे. मुलांचं दुःख श्रावणातल्या सरीसारखं असतं, आत्ता झोडपून काढलं आणि आत्ता लख्ख ऊन. "याला काहीच वाटत नाही" असं म्हणणारी माणसं प्रत्येक घरात दोन-तीन असतात. त्यांना चहा द्या.

एकच पुस्तक वीस वेळा मागितलं तर वीस वेळा वाचा. एकविसाव्या वेळी मूल त्याच पानावर एखादा नवा प्रश्न विचारतं.

पुस्तक नाही सापडलं तर गोष्ट रचा

तुमच्या मुलाच्या नेमक्या दुःखावर मराठीत छापलेलं पुस्तक बहुधा मिळणार नाही. घाबरू नका. अशा गोष्टीला लागतं फारच थोडं. नायक प्राणी ठेवा, मुलाहून थोडा लहान. गेलेल्या माणसाचं नाव किंवा आजार तसाच उचलू नका, पण त्यांची एखादी रोजची सवय घ्या. मरण एका वाक्यात, सरळ सांगा. नंतर खायला-प्यायला कोण देतं ते दाखवा. शेवट उघडा सोडा.

आमच्या भाच्याला मी सांगितलेली ही:

बाजारात एक म्हातारा कुत्रा होता, मोती. त्याच्या मागे मागे फिरायचं एक पिल्लू, भुऱ्या. रोज चार वाजता दोघं चहाच्या टपरीवर जायचे. टपरीवाला दोन बिस्किटं टाकायचा, एक मोतीला, एक भुऱ्याला. एक दिवस मोती मेला. तो खूप म्हातारा झाला होता. भुऱ्या दिवसभर पोत्याखाली बसला. चार वाजले. भुऱ्या उठला आणि एकटाच टपरीवर गेला. टपरीवाल्याने सवयीने दोन बिस्किटं टाकली. मग त्याने बघितलं, एकच कुत्रा आहे. तो काही बोलला नाही. भुऱ्याने एक बिस्कीट खाल्लं. दुसरं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशीही चार वाजले...

इथे मी थांबले. "दुसऱ्याचं काय झालं?" मी विचारलं. भाच्याने बराच विचार केला. "मुंग्यांनी नेलं." तिसऱ्या दिवशी? "मुंग्यांनी." असे पाच दिवस मुंग्यांची चंगळ झाली. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "आज भुऱ्याने अर्धं खाल्लं. अर्धं मुंग्यांना."

मी ते अर्धं बिस्कीट तसंच ठेवलं. पूर्ण खायला लावलं नाही.

आबांची वही

सगळ्यांत उपयोगी पुस्तक दुकानात मिळत नाही. जाड पुठ्ठ्याची शंभर पानी वही आणा आणि मुलाला मुखपृष्ठ करू द्या. पहिलं पान "आबांना काय आवडायचं" असं नको, त्याने निबंध होतो. "आबा कशावर ओरडायचे?" इथून सुरू करा. आमच्या वहीचं पहिलं वाक्य आहे: "पंखा चालू ठेवून बाहेर गेलं की." त्यानंतर वही थांबली नाही. ते चहा बशीत ओतून प्यायचे. कुकरची शिट्टी मोजायचे. पत्त्यांत लबाडी करायचे.

गेलेल्या माणसाचे दोषही लिहू द्या. मूल फक्त देवमाणसाची आठवण जपू शकत नाही, आणि ज्याच्यावर आपण कधी चिडलो होतो तो देवमाणूस असेल तर अपराधीपणा दुप्पट होतो. चष्म्याचं चित्र, एसटीचं तिकीट, त्यांच्या अक्षरातली किराणाची यादी चिकटवा. नातेवाईकांना एकेक पान द्या. आजीने लिहिलं नाही तर तिने सांगावं आणि मुलाने लिहावं, शुद्धलेखन तपासू नये. मोबाइलमधले त्यांच्या आवाजातले निरोप आत्ताच दुसरीकडे उतरवून ठेवा, फोन बदलला की जातात.

वही मुलाचा हात पोचेल अशा कप्प्यात ठेवा, देवघरात नको. काही पानं कोरी ठेवा. वाढदिवसाला, पितृपक्षात, निकालाच्या दिवशी तिची आठवण होते, आणि मूल मोठं झाल्यावर त्याच आठवणीत नवं काहीतरी दिसतं.

शाळेत

शिक्षकांना दोन विनंत्या. मूल परत येईल त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांत्वनाची गोष्ट वाचू नका. तिसाच्या तीस माना त्याच्याकडे वळतात. वाचायचीच तर ते येण्याआधी वर्गाला वाचून दाखवा आणि "तो आला की खेळायला घ्या, त्याला हवं असेल तर तो बोलेल" एवढं सांगा. दुसरं, "माझी आई" हा निबंध देताना आधी हजेरीपट डोळ्यांखालून घाला. "माझं आवडतं माणूस" या विषयावरही तेवढेच गुण देता येतात.

गोष्टीच्या आवाक्याबाहेरचं

अपघात, आत्महत्या, खून अशा मरणात गोष्टीला फार पुढे ढकलू नका. आत्महत्येबद्दलही मुलाशी खोटं बोलू नये. गावात ते त्याला कुणीतरी सांगणारच, आणि तेही शाळेच्या वाटेवर. लहान मुलाला इतकं पुरतं: "बाबांच्या मनाला फार मोठा आजार झाला होता, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. तुझ्यामुळे झालं नाही. तुला ते थांबवता आलं नसतं." कसा, कशाने, हे तपशील नकोत. आणि या मुलांसाठी गोष्टी निवडताना मेलेलं पात्र सुखाच्या ठिकाणी पोचल्याची वर्णनं टाळाच.

महिने उलटले तरी मूल झोपत-जेवत नसेल, शाळेत जायला तयार नसेल, पूर्वी सुटलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू होऊन थांबत नसेल, सतत स्वतःला दोष देत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. "मलाही आबांकडे जायचंय" असं म्हणालं तर तेव्हाच शांतपणे विचारा, "म्हणजे तुला मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर काहीही असो, मदत घ्यायला महिन्यांची वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

आता भाचा आठ वर्षांचा आहे. चिऊने लगेच दार उघडण्याचा नियम आमच्या घरी साधारण सात महिने चालला. एका पावसाळी रात्री मी सवयीने म्हटलं, "चिऊताई, चिऊताई, दार उघड. आणि चिऊने लगेच..."

"नाही," तो म्हणाला. "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते."

मग त्याने तीट लावली, पावडर लावली, झबलं घातलं, मधूनच बाळाला डबा भरून शाळेत पाठवलं, परत आणलं. कावळा बाहेर भिजत राहिला आणि मला कधी झोप लागली ते कळलंही नाही.